घर छान दिसतं, पण बसावंसं वाटत नाही

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. ५८० चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके, नवरा-बायको दोघं नोकरीला, सोबत सासूबाई. फिरण्याची, खाण्यापिण्याची, चित्रांची आवड. हॉलमध्ये टीव्हीकडे तोंड करून थ्री प्लस वन प्लस वन सोफा, छताला एक ट्यूब, आणि एक काचेचं शोकेस. त्यात सावंतवाडीची लाकडी फळं, गंजिफाचे पत्ते, पुण्याहून आणलेला तांब्याचा गडू आणि दहा वर्षांच्या सहलींतलं बाकी सगळं खच्चून भरलेलं. वारली चित्राची फ्रेम दारामागे. तरी दर रविवारी पाय कॅफेकडे वळतात, आणि घरी आलेली माणसं सोफ्याच्या कडेवर टेकून अर्ध्या तासात उठतात. शिवाय माणसं बोलवायची म्हणजे दमछाक होते ती वेगळीच. "घर छान दिसतं, पण बसावंसं वाटत नाही. ६० हजारांत, भिंती न फोडता काय करता येईल?"

मी पुण्यात २६ वर्षं इंटिरिअरची कामं करते आहे. बंगले मोजकेच केले, असले फ्लॅट मात्र ढिगाने. त्यामुळे सजावटीचं सोडून आधी बसण्याचंच बोलते, कारण तुमचा प्रश्न तोच आहे.

आठ दिवस काहीही विकत घेऊ नका. घरात कोण, कधी, कुठं आपणहून बसतं तेवढं बघा आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. हे सांगितलं की बहुतेक लोक हिरमुसतात, कारण ते वॉलपेपरचे नमुने काखेत मारूनच आलेले असतात. पण त्या आठ दिवसांत फार गमतीशीर गोष्टी कळतात. एका घरात सव्वा लाखाचा सोफा असूनही घरातली सगळ्यात चालती जागा होती स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेली एक प्लास्टिकची खुर्ची. आजी तिथं मेथी निवडत बसायच्या. संध्याकाळचा उजेड तिथं यायचा, ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेशी बोलता यायचं आणि दारावर कोण आलं तेही दिसायचं. एका खुर्चीला याहून जास्त काय हवं? आम्ही खुर्ची बदलली, जागा तीच ठेवली.

हे शहाणपण मला सुरुवातीपासून नव्हतं, हेही सांगून टाकते. धंद्यातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका कुटुंबाच्या १० बाय १४ च्या हॉलमध्ये मी हट्टाने सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल बसवलं होतं. शिसवी रंगाचं पॉलिश, वर लटकता दिवा, फोटो तर झकास आले. वर्षभराने गेले तेव्हा टेबलावर इस्त्रीचे कपडे, विजेची बिलं आणि मुलाचं दप्तर होतं, आणि घरातली चारही माणसं खाली सतरंजीवर ताटं घेऊन जेवत होती. टेबलाला वळसा घालून जायला जेमतेम १८ इंच उरले होते. माणूस सरळ चालायचा तर निदान ३० इंच लागतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी मी टेबल बसवलंच. ती चूक माझीच, आणि त्या घरच्या बाई इतक्या सज्जन की त्यांनी मला चहाही त्या सतरंजीवरच दिला.

आपल्याकडे बसण्याच्या जागांना किती शब्द होते बघा: ओटा, पार, पडवी, ओसरी, सोपा, माजघर, चौक, झोपाळा. प्रत्येक शब्दात कोणी, कोणत्या वेळी, कशासाठी बसायचं हे आपोआप आलं. ओट्यावर बसलेल्या माणसाशी येणाराजाणारा दोन शब्द बोलणार, पडवीत सुपारी कातरली जाणार, माजघरात घरच्याच माणसाने यायचं. फ्लॅटमध्ये आलो तेव्हा या सगळ्यांच्या बदल्यात आपण एकच शब्द घेतला, 'हॉल'. आणि हॉलमध्ये काय करायचं ते कोणालाच नीट ठाऊक नसल्यामुळे तिथं टीव्ही ठेवला.

तुम्ही कॅफेत जाता ते निव्वळ कॉफीसाठी जात नसणार. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत 'समोवार' होतं, १९६४ ते २०१५. तुमच्यापैकी कोणी ना कोणी तिथं चहा प्यायलं असेल. जागा म्हणाल तर आगगाडीच्या डब्यासारखी लांबट, अरुंद पट्टी. आज एखादा ग्राहक तसली जागा घेऊन आला तर मी पहिल्यांदा नाकच मुरडेन. पण एका बाजूला हिरवळ दिसायची, टेबलं लहान, माणसं एकमेकांच्या जवळ, आणि कोणी उठवायला येत नसे. इराण्याकडेही तेच: वाकवलेल्या लाकडाच्या हलक्या खुर्च्या, पुसायला सोपं संगमरवरी टेबल, भिंतीला आरसे. सहाजण आले की दोन टेबलं जोडायची, चौघं गेले की पुन्हा वेगळी करायची. या दोन्ही ठिकाणी ऐसपैसपणा नव्हता. पाठीला आधार, हाताशी कप ठेवायला जागा आणि नजरेला काहीतरी, एवढं मात्र प्रत्येक खुर्चीला मिळायचं. तुमच्या सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याला यांतलं काय मिळतं? कप ठेवायला तो वाकून मधल्या टीपॉयपर्यंत जातो आणि समोर त्याला बंद टीव्ही दिसतो.

म्हणून पहिलं काम, त्या दोन सुट्या खुर्च्यांपैकी एक काढून टाका आणि खिडकीखाली एक बाक करून घ्या. सहा फूट लांब, दोन फूट रुंद. रुंदी दोन फुटांपेक्षा कमी नको. सुतार १८ इंच पुरे म्हणेल, पण त्याच्या डोळ्यांसमोर पाय सोडून बसणारा माणूस असतो. आपली माणसं पाच मिनिटांनी पाय वर घेऊन मांडी घालतात, आणि मांडीला २४ इंच लागतातच. उंची गादी धरून १७-१८ इंच. कापसाची चार इंची गादी भरून घ्या, वर्षभरात ती दबून तीनवर येते हे आधीच धरून चाला. फोमची गादी टिकते, पण ठाण्याच्या मे महिन्यात फोमवर अर्धा तास बसून दाखवा! लोड दोन, तक्के तीन. खोळी सोलापुरी चादरीच्या किंवा खणाच्या शिवा, धुता आल्या पाहिजेत एवढीच अट. बाकाखाली कप्पे करा, ते कशासाठी ते पुढे सांगते. प्लायवुड पाण्याला टिकणारं घ्या आणि बाक बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच सुटा ठेवा, नाहीतर जुलैत मागे बुरशी धरेल.

बाक सोफ्याशी काटकोनात येईल असं बघा. समोरासमोर बसलं की मुलाखत होते, शेजारीशेजारी बसलं की दोघं मिळून टीव्ही बघतात, कोपऱ्यात काटकोनात बसलं की गप्पा होतात. दोन माणसांत पाच-सहा फुटांचं अंतर असावं. त्याहून लांब गेलं की आवाज चढवावा लागतो आणि गप्पांची मजा जाते.

सासूबाईंची खुर्ची मात्र वेगळी. बैठक, बाक, गाद्या हे सगळं आपल्याला कितीही आवडलं तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला ताठ पाठीची, हात असलेली, १८ इंच उंच खुर्ची हवी. ती कोपऱ्यात सारू नका. बाकाच्या नि स्वयंपाकघराच्या मध्ये, जिथून दोन्हीकडचं ऐकू येईल तिथं ठेवा, आणि शेजारी एक स्टूल, भाजी निवडायला, चष्मा ठेवायला.

आता उजेड. ६० हजारांतल्या पाच-सहा हजारांत घराचा नूर पालटतो तो इथं, आणि नेमकं इथंच कोणी पैसे घालत नाही. आपल्याकडची ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची असते, म्हणजे भर दुपारच्या आभाळासारखी निळसर पांढरी. फरशी पुसायला, सुईत दोरा ओवायला उत्तम. पण त्या उजेडात वरणावरची तुपाची धार फिकी दिसते, माणसांचे चेहरे आजारी दिसतात, आणि छतावरून एकाच ठिकाणाहून येणाऱ्या उजेडाने डोळ्यांखाली सावल्या पडतात त्या वेगळ्याच. ट्यूब काढू नका, राहू दे. तिच्या जोडीला २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, तीन छोटे दिवे लावा: एक बाकाशेजारी बसल्या डोळ्यांच्या उंचीला, एक चित्रावर, एक दूरच्या कोपऱ्यात खाली. बल्ब सात-नऊ वॉटचे पुरतात. खोक्यावर 'सीआरआय ९०' लिहिलेलं मिळालं तर थोडे पैसे जास्त मोजा, खाण्याचे आणि चित्रांचे रंग त्यात खरे दिसतात. बल्ब स्वतः डोळ्यांना दिसता कामा नये, कापडाची किंवा बांबूची शेड हवी. तिन्ही दिवे एकाच बटणावर घ्यायला वायरमनला सांगा, कारण तीन बटणं दाबायचा उत्साह चौथ्या दिवशी संपतो. संध्याकाळी सात वाजता ट्यूब बंद, हे बटण चालू. पहिले दोन दिवस सासूबाई "अंधार अंधार वाटतोय" म्हणतील. बाकाशेजारच्या दिव्याला थोडा जास्त वॉटचा बल्ब लावा, तक्रार मिटते.

रंगाचं विचारलंत तर भिंती आहेत तशा ऑफ-व्हाइट राहू द्या. एक भिंत गडद करायची फॅशन आहे, ती नंतर बघू.

शोकेसबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. पुण्यात केळकर संग्रहालय पाहिलंय का? नसेल तर पुढच्या खेपेस सहलीच्या यादीत तेच वर घाला. दिनकर केळकरांनी जमवलेल्या २० हजारांहून अधिक वस्तू आहेत तिथं, आणि त्या राजेरजवाड्यांच्या नव्हेत, घरातल्या: अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री, फण्या, कुंकवाचे करंडे. एकेका अडकित्त्याला घडवणाऱ्याने मोराची, घोड्याची, माणसांच्या जोडीची आकृती दिलेली. सुपारी तर कसल्याही अडकित्त्याने कातरते, पण ज्याने तो केला त्याला रोजच्या कातरण्यातही थोडी मजा हवी होती. मी दर वेळी त्यांच्या दांड्यांकडे बघते. हाताने घासून गुळगुळीत झालेल्या त्या दांड्या आकृतीपेक्षा जास्त बोलतात. आणि एवढा संग्रह असून एका वेळी मांडलेला असतो तो त्यातला थोडाच. संग्रहालयाला जे कळतं ते आपल्या शोकेसला कळत नाही.

तेव्हा शोकेस रिकामं करा. वस्तूंचे तीन ढीग घाला. पहिला, वापरता येतील अशा. दुसरा, बघायच्या. तिसरा, कोणीतरी दिल्या म्हणून ठेवलेल्या. तिसऱ्याचं काय करायचं ते तुम्ही आणि सासूबाई ठरवा, त्यात मी पडत नाही. दुसऱ्या ढिगातल्या चार-पाचच वस्तू बाहेर ठेवा, बाकीच्या जुन्या सुती कापडात गुंडाळून बाकाखालच्या कप्प्यांत. पाडव्याला, श्रावणात, दसऱ्याला बदला. सहा महिन्यांनी बाहेर आलेली वस्तू घरच्यांनाही नवी वाटते. शोकेस विकून टाका, भिंतीला दोन अरुंद फळ्या पुरतात. जुन्या घरांत कोनाडा असायचा. एका कोनाड्यात एक दिवा किंवा एक मूर्ती, एवढंच. फळीवरही तोच नियम, दोन वस्तूंच्या मध्ये तिसरीची जागा मोकळी.

पहिला ढीग महत्त्वाचा. तांब्याचा गडू शोकेसमध्ये काळवंडतोय, तो पाण्याला काढा. पुण्याच्या तांबट आळीतलं भांडं असेल तर त्यावर हातोडीचे बारीक ठोके दिसतील, त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी पत्रा कठीण होतो, नुसती नक्षी नव्हे ती. त्यात ताक, लिंबू, चिंचेचं काही ठेवू नका, त्यासाठी आतून कल्हई लागते. कल्हईवाला तुमच्या भागात येत असेल तर एकदा सगळ्यांनी उभं राहून ते काम बघाच. भांडं तापवून आत नवसागर टाकतो, पांढरा धूर येतो, कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फेर मारतो, आणि तांबडं भांडं आतून चांदीसारखं होऊन जातं. दोन मिनिटांचा खेळ. लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला आला की शाळा बुडवायची हौस असे. (बुडवलीही आहे.)

सावंतवाडीची लाकडी फळं फळीवर नकोत, टोपलीत, खऱ्या केळ्यांशेजारी. येणारा प्रत्येक माणूस एकदा तरी उचलून बघतो आणि गप्पांना सुरुवात होते. गंजिफा दशावतारी असेल तर त्यात १२० पानं असतात, एकेका अवताराची बारा. अख्खा डबा बंद ठेवण्यापेक्षा एका अवताराची बारा पानं एका चौकटीत लावा, दर काही महिन्यांनी अवतार बदला.

वारली चित्र दारामागून काढा. फ्रेम करताना चित्र काचेला चिकटलेलं नाही ना, ते आधी तपासा. माझ्या एका ग्राहकाचं वारली लग्नाचं चित्र फ्रेमवाल्याने थेट काचेला टेकवून दिलं होतं. दोन पावसाळ्यांनी तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग काचेला चिकटून बसला, काच काढताना निम्मं लग्न तिच्यासोबत गेलं. मध्ये माउंट बोर्ड, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, हवा, मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेमच्या मध्ये हवा खेळते. बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पश्चिमेकडच्या, कागदावरचं काहीही लावू नका. उंची? गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर धरतात, कारण तिथं माणसं उभी असतात. तुम्ही बसून बघणार, म्हणून सोफ्यासमोरच्या भिंतीवर मध्य ५० इंचांच्या आसपास येऊ द्या. आपल्याकडे नव्वद टक्के चित्रं देवाच्या फोटोच्या रांगेत, मान वर करून बघावी लागतील अशी लावलेली असतात. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती या चित्रांसाठी. ठाणे, पालघर हा त्यांचाच मुलूख. तुमच्या घरापासून दोन-तीन तासांवर ही चित्रं घराच्या भिंतींवर काढली जातात, ती तरी डोळ्यांसमोर लावा.

खाण्याकडे येते. तुम्ही लिहिलंय की माणसं बोलवायची म्हणजे दमछाक होते. होणारच, कारण बोलावणारी बाई स्वयंपाकघरात आणि पाहुणे हॉलमध्ये अशी विभागणी झाली की तिला कसली आलीय मजा! यावर माझे दोन उपाय आहेत. एक, आधी करून ठेवता येणारे पदार्थ. दडपे पोहे घ्या: पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूट साखर, लिंबू, सगळं हाताने कालवून वर नारळाचं पाणी शिंपडायचं, ताटलीने दडपून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. माणसं आली की वरून शेंगदाण्यांची फोडणी आणि तळलेला पोह्याचा पापड चुरून. गॅसपाशी तुम्ही उभ्या राहता दोन मिनिटं. फोडणी मात्र पाहुण्यांच्या देखत ओता, तो चर्र आवाज अर्धं स्वागत आहे.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. तवाच बाहेर आणा. थालीपीठ हा पदार्थ पाहुण्यांसाठी वाईट, कारण करणारी शेवटपर्यंत उभी. तेच थालीपीठ हॉलमध्ये इंडक्शनवर लावलं तर सगळे भोवती बसतात, एकजण थापतो, एकजण उलटतो, भोकांत तेल सोडायला पोरांची भांडणं लागतात, लोण्याचा गोळा फिरत राहतो. मात्र दोन गोष्टी बघून घ्या. इंडक्शन दोन हजार वॉटपर्यंत ओढतं आणि हॉलमधले साधे पॉइंट सहा अँपिअरचे असतात, त्यावर ते लावू नका. दिव्यांच्या कामाला वायरमन येईलच, त्याच्याकडून बाकाजवळ १६ अँपिअरचा एक पॉइंट स्वतंत्र वायर ओढून काढून घ्या. आणि तवा सपाट बुडाचा, लोखंडी किंवा बिडाचा हवा. पोळीचा खोलगट तवा नीट तापत नाही, ॲल्युमिनियमचा तर तापतच नाही.

फिरण्याबद्दल थोडंच सांगते, ते तुम्हाला शिकवायची गरज नाही. एका सहलीत एकच वस्तू, आणि ती घरात कुठं वापरणार हे दुकानातच ठरलेलं असावं. दुसरं, जिथं राहाल तिथली बसायची जागा बघून या. कोकणातली पडवी, गोव्यातल्या घरांच्या दाराशी असलेलं बाल्कांव, त्याची उंची, रुंदी, पाठ कशाला टेकते ते. मी पर्समध्ये टेप ठेवते, नवऱ्याला त्याची लाज वाटते. आणि दर सहलीला कोकण गाठायला नको. ठाण्याहून सीएसएमटी, तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत जहांगीर, आत जायला पैसे पडत नाहीत. पाऊण तासात एकच प्रदर्शन बघून निघा, सगळी दालनं उरकायची नाहीत. येताना बसस्टॉपवरच ठरवा, त्यातलं कोणतं चित्र घरी नेलं असतं. दोघांची उत्तरं वेगळी येतात, मग आठवडाभर वाद घालता येतो.

पैशांचं ठाण्याच्या आजच्या भावाने ढोबळ गणित: बाक आणि गादी २५ ते २८ हजार, दिवे आणि इंडक्शनच्या पॉइंटसह वायरिंग आठ-नऊ, सासूबाईंची खुर्ची सहा-सात, फ्रेम आणि फळ्या पाच, खोळी-लोड चार. इंडक्शन घरात नसेल तर तेही यात बसतं. उरलेले हाताशी ठेवा, सुताराच्या कामात काहीतरी निघतंच. आधी दिवे करा, मग बाक. दिवे लागल्यावर कदाचित बाकाची जागाच बदलावीशी वाटेल.

सुताराला बोलवायच्या आधी खिडकीची चौकट फरशीपासून किती उंचावर सुरू होते ते मोजून घ्या. ३० इंचांहून जास्त असेल तर वर दिलेली मापं तशीच चालतील. कमी असेल तर बाकाला मागून पाठ लागेल, आणि ग्रिल आतून पक्की आहे का तेही बघावं लागेल. माप कळवलंत तर पुढचं सांगते.